मोटार चढ का चढत नाही?

मुलांनो, ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जाताना गायमुखचा घाट लागतो. भरलेली मोटार तिथे अडली, तर मागची वाहने खोळंबतात. अपघातही होऊ शकतो.

पेट्रोलच्या इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. यांपैकी एक जरी कमी पडले, तरी गाडीचा जोर घटतो.

घरी आल्यावर इंजिन थंड होऊ द्या. मोठ्या माणसांच्या मदतीने एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल, तर तो धुळीने तुंबला आहे, बदला. मग प्लग पाहा. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळे असेल तर काजळी साफ करा. तरीही जोर आला नाही, तर मेकॅनिककडून पेट्रोलचा फिल्टर तपासून घ्या.

स्वाध्याय : इंजिनाला कोणत्या तीन गोष्टी लागतात?