वही घरातली, अभिप्राय यंत्राचा : मुलांच्या लेखन-मूल्यमापनाचे अर्थकारण

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीत काय लिहिले आहे आणि ते कितपत चांगले आहे, हे त्याच्या आईवडिलांना कसे कळते? हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु तो तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. बाजारातून भाजी घेणारा ग्राहक तिची प्रत डोळ्यांनी पारखतो. शिक्षणाचे तसे नाही. मूल पाच वर्षे शाळेत जाऊनही त्याला मिळालेल्या शिक्षणाची प्रत अनेक पालकांना ठरविता येत नाही. अशा सेवांना अर्थशास्त्रात ‘विश्वासाधिष्ठित वस्तू’ म्हणतात. डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ही संकल्पना मांडली. देणाऱ्यास माहिती असते, घेणाऱ्यास नसते. या असममित माहितीच्या सिद्धान्तासाठीच २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना देण्यात आले होते.

ही दरी भरून काढण्यासाठी आपल्याकडील कुटुंबांनी आजवर मुख्यतः खासगी शिकवणीचा मार्ग पत्करला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ मधील शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेत होते. नागरी भागात हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते. आता यात एका नव्या साधनाची भर पडली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट थोड्याच काळात घरोघरच्या मोबाईलवर आले. मुलाच्या निबंधाचे छायाचित्र काढून पाठवावे आणि क्षणार्धात अभिप्राय मिळवावा, हे आज जवळजवळ विनामूल्य शक्य झाले आहे. माहितीची किंमत शून्यावर आली की माहितीची विषमता नाहीशी होईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात उत्तर प्रदेशातील, विशेषतः लखनौ व परिसरातील अनुभवांच्या आधारे केला आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना त्यातून शिक्षण, तंत्रज्ञान व लोकसहभाग या तिन्ही घटकांचा परस्परसंबंध पाहता येईल.

जौनपूरचा प्रयोग

चॅटबॉट येण्याच्या बऱ्याच आधी, २००५-०६ च्या सुमारास, पूर्व उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचेल ग्लेनरस्टर व स्तुती खेमानी यांनी तो केला. २०१९ च्या नोबेल पारितोषिकाच्या संदर्भात यादृच्छिक नियंत्रित चाचणीची पद्धत अभ्यासणाऱ्यांनी हा प्रयोग मुळातून पाहावा. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपैकी १५ टक्के मुलांना एकही अक्षर ओळखता येत नव्हते आणि केवळ ३९ टक्के मुले पहिलीच्या पातळीची साधी गोष्ट वाचून समजू शकत होती. तरीही आपल्या मुलाला वाचता येते, असा अनेक पालकांचा समज होता. गावातील शिक्षण समितीचे अस्तित्वच बहुसंख्य ग्रामस्थांना ठाऊक नव्हते.

प्रयोगात तीन प्रकारची गावे होती. पहिल्या प्रकारच्या गावांत सभा घेऊन शाळेविषयीची व समितीच्या अधिकारांविषयीची माहिती देण्यात आली. दुसऱ्या प्रकारात त्याशिवाय ग्रामस्थांनाच मुलांची वाचनचाचणी घेण्यास शिकविले गेले आणि गावाचे प्रगतिपत्रक तयार करविले गेले. तिसऱ्या प्रकारात या दोन्हींच्या जोडीला स्थानिक तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याचे अल्प प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी वाचनवर्ग चालविण्यात आले.

निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होते. केवळ माहितीने, किंवा स्वतः केलेल्या चाचणीनेही, पालकांचा शाळेतील सहभाग वाढला नाही, शिक्षकांच्या कामात फरक पडला नाही आणि मुलांचे शिकणेही सुधारले नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र, वर्गात सुमारे ८ टक्केच मुले आली असली तरी, आलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट प्रगती झाली. अक्षरही न ओळखणारी मुले अक्षरे वाचू लागली.

चॅटबॉटच्या चर्चेत या प्रयोगाचे स्थान मध्यवर्ती आहे, असे माझे मत आहे. मोबाईलवर येणारा अभिप्राय हे एक अत्यंत स्वस्त प्रगतिपत्रकच होय. ते वाचून संध्याकाळी सात वाजता घरातील कोणी काय करायचे, हे त्यात नसेल, तर जौनपूरच्या दुसऱ्या प्रकारच्या गावांत जे घडले तेच घरातही घडेल.

वाचनाची मोजणी आणि लेखनाची पारख

येथे वाचन व लेखन यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. मूल समोरचा मजकूर मोठ्याने वाचत असेल, तर अपेक्षित शब्द आधीच ठाऊक असतो. उच्चारलेला शब्द त्याच्याशी ताडून पाहणे एवढेच यंत्राचे काम असते. गूगलने मार्च २०१९ मध्ये ‘बोलो’ हे वाचनाचे ॲप आणले, तेव्हा त्याची पूर्वचाचणी उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत झाली होती. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा दिसल्याचे कंपनीने त्या वेळी जाहीर केले. पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीसह अन्य भाषांतही उपलब्ध झाले.

लेखनात अपेक्षित उत्तर असे काही नसते. ‘माझी आजी’ या विषयावर चाळीस मुले चाळीस प्रकारे लिहितील. त्यामुळे यंत्राने निबंध तपासण्याचा इतिहास जुना असूनही वादग्रस्त राहिला. अमेरिकेतील एलिस पेज यांनी १९६६ मध्ये या क्षेत्रातील पहिला महत्त्वाचा प्रयत्न केला. त्यांचा संगणक निबंधाचा अर्थ समजून घेत नसे. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशा बाह्य खुणांवरून तो गुणांचा अंदाज बांधी. १९९९ पासून व्यवस्थापन शिक्षणाच्या ‘जीमॅट’ या प्रवेश परीक्षेत ‘ई-रेटर’ ही प्रणाली मानवी परीक्षकाच्या जोडीने वापरली जाऊ लागली. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लेस पेरेलमन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण निरर्थक, परंतु भारदस्त शब्दांनी भरलेले निबंध आपोआप तयार करणारी प्रणाली बनविली. त्या निबंधांना अशा यंत्र-परीक्षकांकडून उत्तम गुण मिळाले!

आजचे चॅटबॉट त्या पिढीपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहेत, हे मान्य करावे लागेल. ते मजकुराचा आशय सांगू शकतात, परिच्छेदांचा क्रम तपासतात, मुलाच्या वयानुरूप भाषेत उत्तर देतात. मात्र त्यांचे उत्तर हे मोठ्या प्रमाणावरील मजकुरातून शिकलेल्या संभाव्यतेवर आधारलेले असते आणि त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. देवनागरीत, त्यातही लहान मुलाच्या हस्ताक्षरात लिहिलेला मजकूर समोर आला की अडचणी सुरू होतात.

देवनागरी वहीची गोष्ट

लखनौ येथील वास्तव्यात शेजारच्या घरी चौथीत शिकणाऱ्या एका मुलीच्या हिंदी निबंधाचे छायाचित्र तिच्या वडिलांनी माझ्यासमोरच एका चॅटबॉटला पाठविले. मुलीने ‘मिठाई’ऐवजी ‘मिटाई’ लिहिले होते. चॅटबॉटने मजकूर उतरवून घेताना तो शब्द निमूटपणे ‘मिठाई’ केला आणि शुद्धलेखनाची एकही चूक नसल्याचा निर्वाळा दिला. हा निष्काळजीपणा नसून यंत्राच्या रचनेतूनच उद्भवणारा दोष आहे. अस्पष्ट अक्षर वाचताना ते सर्वांत संभाव्य शब्द निवडते, आणि संभाव्य शब्द हा बहुधा शुद्ध शब्द असतो. ज्या चुका शोधण्यासाठी पालकांनी वही पाठविली, त्याच चुका वाचनाच्या पायरीवर पुसल्या जातात.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची होती. मुलीने लिहिले होते, ‘हम नानी के घर गए थे।’ चॅटबॉटने विचारले, सोबत आणखी कोण होते ते का लिहिले नाही? सोबत कोणीच नव्हते. लखनौ व अवध प्रांतात एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. मुलगी आपल्या घरची भाषा लिहीत होती. शाळेच्या प्रमाण हिंदीत येथे ‘मैं’ हवे, हे तिला कधीतरी सांगावेच लागेल. परंतु ते सांगण्याची रीत आईवडिलांना ठाऊक असते, यंत्राला नव्हे.

मराठी घरांत हीच अडचण वेगळ्या रूपात येऊ शकते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार ‘कवी’, ‘गुरू’ असे शब्द स्वतंत्रपणे येतात तेव्हा त्यांचा अन्त्य स्वर दीर्घ लिहितात. हिंदीत तेच शब्द ‘कवि’, ‘गुरु’ असे लिहिले जातात. लिपी एकच असल्याने एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेच्या वहीला लावला जाण्याचा धोका राहतो. म्हणून पालकांनी चॅटबॉटला भाषा, इयत्ता व अपेक्षित लेखनपद्धती आरंभीच सांगावी, आणि छायाचित्र पाठविल्यास ‘आधी जसे आहे तसे, चुकांसह उतरवून दाखव’ अशी सूचना देऊन तो उतारा वहीशी स्वतः ताडून पाहावा. मुलाचे वाक्य स्वतः टंकलिखित करून पाठविणे त्याहून खात्रीचे. त्यास पाच मिनिटे लागतात, पण त्या पाच मिनिटांत वही प्रत्यक्ष वाचली जाते.

गुण की प्रश्न?

‘दहापैकी किती?’ हा आपल्या घरांतील आवडता प्रश्न आहे. चॅटबॉट त्याचे उत्तर तत्परतेने देतो. तेच काम पुन्हा पाठविल्यास कधी निराळा आकडाही देतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. ज्या मुलांना केवळ लेखी शेरे मिळाले, त्यांची कामगिरी व रस दोन्ही टिकून राहिले. केवळ गुण मिळालेल्यांचे तसे झाले नाही. उल्लेखनीय म्हणजे, शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा लाभ जवळजवळ नाहीसा झाला.

यंत्राने मुलाचे काम स्वतःच करून टाकणे, हा त्याहून मोठा धोका आहे. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळांत गणिताच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावातील यश ४८ टक्क्यांनी वाढले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले चॅटबॉट न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता केवळ इशारे देणाऱ्या चॅटबॉटच्या गटात हे नुकसान बव्हंशी टळले. गणिताचा निष्कर्ष लेखनाला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु ‘हा निबंध सुधारून दे’ असे म्हणणारा पालक कोणत्या दिशेने जात आहे, हे त्यावरून समजते. त्याऐवजी ‘हे वाचून मुलीला विचारण्याजोगे दोन प्रश्न मला सांग’, असे चॅटबॉटला म्हणता येईल. आजीच्या घरचा रस्ता कसा होता? मिठाई कोणी केली? या प्रश्नांची उत्तरे फक्त त्या मुलीकडेच आहेत, आणि तीच तिला पुढच्या परिच्छेदात लिहायची आहेत.

मध्ये बसणारा माणूस

या संदर्भात लखनौतील एक अनुभव आवर्जून नोंदविला पाहिजे. डॉ. ऊर्वशी साहनी यांनी १९८६ मध्ये तेथे ‘स्टडी हॉल’ शाळा सुरू केली व पुढे गरीब कुटुंबांतील मुलींसाठी ‘प्रेरणा’ ही शाळा काढली. २००५ मध्ये संगणकतज्ज्ञ रँडी वँग यांच्यासह ‘डिजिटल स्टडी हॉल’ हा उपक्रम तेथूनच सुरू झाला. चांगल्या शिक्षकांचे पाठ चित्रित करून त्यांच्या डीव्हीडी साधनहीन शाळांपर्यंत पोहोचविल्या जात. मात्र पडद्यासमोर मुलांना नुसते बसविणे हा त्यामागील हेतू नव्हता. वर्गातील स्थानिक शिक्षकाने चित्रफीत मध्येच थांबवावी, प्रश्न विचारावेत, मुलांकडून कृती करून घ्यावी, अशी ती पद्धत होती. ज्ञान पडद्यावरून येई, पण शिकणे मध्ये उभ्या असलेल्या माणसामुळे घडे.

घरात ही मध्यस्थाची भूमिका बहुधा आईकडे येते. ‘असर’ २०२४ अहवालानुसार ग्रामीण भारतातील ५ ते १६ वयोगटातील मुलांच्या मातांपैकी कधीही शाळेत न गेलेल्यांचे प्रमाण २०१६ मधील ४६.६ टक्क्यांवरून २९.४ टक्क्यांवर आले आहे. ही प्रगती मोठी आहे. तरीही जवळजवळ तीन मातांमागे एक माता मुलाची वही वाचू शकत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. बोलणारा चॅटबॉट तिच्यासाठी वही वाचून दाखवू शकतो आणि हे त्याचे सर्वांत मोलाचे सामर्थ्य ठरू शकेल. पण त्याने चुकीचे वाचले, तर ते पडताळण्याचे साधन तिच्याकडे नाही. पूर्वी तिला शाळेवर विश्वास ठेवावा लागे, आता यंत्रावर ठेवावा लागतो. विश्वासाधिष्ठित वस्तू तशीच राहते, केवळ विक्रेता बदलतो.

निरक्षर आईचा सहभाग निरर्थक असतो, असे मात्र नव्हे. बिहारमधील पूर्णिया व राजस्थानातील अजमेर जिल्ह्यांतील ४८० गावांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातांसाठी साक्षरता वर्ग आणि मुलासोबत घरी करावयाच्या कृतींचे साहित्य, असे दोन उपक्रम तपासण्यात आले. दोन्हींचा मुलांच्या गणितावर अल्प, पण निश्चित परिणाम दिसला. ‘तू लिहिलेले मला वाचून दाखव’, एवढे आई कोणत्याही ॲपशिवाय म्हणू शकते. वाचताना मूल स्वतः अडखळते आणि राहून गेलेला शब्द त्याचा त्यालाच सापडतो.

धोरणाची चौकट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रगतिपत्रकाचे स्वरूप बदलून ते सर्वांगीण करण्याची, त्यात स्वयंमूल्यमापन व सहाध्यायींचे मूल्यमापन अंतर्भूत करण्याची आणि त्याद्वारे घर व शाळा यांना जोडण्याची शिफारस केली आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत स्थापन झालेल्या ‘परख’ या केंद्राकडे मूल्यमापनाच्या निकषांचे काम सोपविण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंतच्या पायाभूत साक्षरतेवर भर आहे. अक्षरओळख व वाचनाचा वेग यांची लक्ष्ये आकड्यांत मांडता येतात. लेखनाबाबत तसे करणे कठीण असल्याने त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते, असे मला वाटते.

भारतीय भाषांतील चॅटबॉट मुलांचे लेखन कितपत विश्वासार्हपणे तपासतात, हे पाहण्याची पद्धत अवघड नाही. त्याच वह्या दोन अनुभवी शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, त्या दोघांत किती एकमत होते ते मोजावे, आणि यंत्र व शिक्षक यांच्यातील एकमत त्याच्या जवळ पोहोचते का, ते पाहावे. मात्र नमुन्यात लखनौची ‘हम’ लिहिणारी मुलगी हवी, तसाच वऱ्हाडी बोलणारा मुलगाही हवा. ‘भाषिणी’सारख्या सार्वजनिक उपक्रमातून हे काम होऊ शकेल.

वहीच्या छायाचित्राबरोबर मुलाचे नाव, शाळा, इयत्ता आणि कित्येकदा घरातील खासगी गोष्टीही जातात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या विदेवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे, तसेच मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची व्यवस्था त्यांत आहे. येथे मात्र वही पाठविणारा पालक स्वतःच असतो. पहिल्या पानावरील नाव व शाळा झाकून छायाचित्र काढण्याचे काम त्यामुळे त्याच्याकडेच राहते.