एसटी आधी की विमान आधी?



मागच्या महिन्यात नाशिकच्या मामाला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. आई घाबरली. आजी म्हणाली, "अगं, पुण्याला जाऊन इमानानं जा. भुर्रकन पोचशील!" आई एसटीनेच गेली. पण आजीचे बोलणे माझ्या डोक्यात राहिले. गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "गणित मांड आणि तूच सांग." तेच येथे मांडले आहे.

अंतर

पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे आणि नाशिकचा ओझरला. हे आपल्या विघ्नहराचे ओझर नव्हे बरं का! ते निफाड तालुक्यातले ओझर. तेथे विमानांचा कारखानाही आहे.

वर्गातल्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे २० किलोमीटर. लोहगावपासून ओझरपर्यंत सुतळी ताणली. ती साडेआठ सेंटिमीटर भरली.

८.५ × २० = १७० किलोमीटर.

गंमत अशी की, सुतळी जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. मंचरच्या शेजारून, मग जुन्नर आणि नारायणगाव यांच्या मधून. म्हणजे आपल्याच डोक्यावरून! पुणे ते नाशिक रस्ता मात्र सुमारे २१० किलोमीटर आहे. विमानाला डोंगर आडवा येत नाही. रस्त्याला अकोले तालुक्यातले डोंगर टाळून आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असे पूर्वेकडून वळून जावे लागते.

वेळ

पंख्याचे प्रवासी विमान तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाते.

१७० ÷ ५०० × ६० = सुमारे २० मिनिटे.

पण एसटी जशी स्टँडातून निघाल्याबरोबर पळत नाही, तसेच विमानाचे आहे. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. म्हणून ४० मिनिटे धरू. या मार्गावर २०१७ च्या डिसेंबरात छोट्या विमानांची सेवा सुरूही झाली होती. आईला असे विमान मिळाले असते असे समजू.

नारायणगावहून विमानाने

लोहगावला जाणे (७५ कि.मी.) : १ तास ४० मिनिटे
आधी जाऊन थांबणे, तपासणी : १ तास ३० मिनिटे
उड्डाण : ४० मिनिटे
ओझरहून नाशिक शहरात : ४५ मिनिटे
एकूण : ४ तास ३५ मिनिटे

नारायणगावहून एसटीने

गाडीची वाट पाहणे : ३० मिनिटे
१३५ कि.मी., ताशी सरासरी ४५ : ३ तास
एकूण : ३ तास ३० मिनिटे

म्हणजे एसटी एक तास पाच मिनिटे आधी पोचते! विमानासाठी आपण आधी ७५ किलोमीटर उलट्या दिशेला, दक्षिणेला जातो. मग आकाशातून पुन्हा आपल्याच गावावरून परत येतो.

मग विमान कामाचे नाही का? आहे, पण लांबच्या वाटेला. पुण्याहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर आहे. तेथे विमान दीड तासात जाते, रस्त्याने मात्र सबंध दिवस किंवा रात्र जाते.

यावरून मी एक गोष्ट शिकलो. घाईच्या वेळी वाहनाचा नुसता वेग पाहू नये. आपल्या दारापासून त्या दारापर्यंतचा सगळा वेळ मोजावा.

आई त्या दिवशी दुपारी मामाजवळ पोचली. मामा आता बरा आहे. आजीला गणित वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "म्हंजे आपली लाल गाडीच बरी!"

तुम्ही करून पाहा : तुमच्या गावापासून नाशिकचे असेच गणित मांडा आणि उत्तर गुरुजींना दाखवा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी