लवणसंवेदी उच्च रक्तदाब आणि मस्तिष्कातील संप्रेरके

पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात आहे. दुधासोबतही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर देशांतील लोकांचे मांस व रक्त शिथिल असते, त्यांना क्लेश सहन होत नाहीत, असे निरीक्षणही तेथे नोंदविले आहे. या वर्णनात रक्तदाब शोधण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. परंतु मिठाचा अतियोग शरीरात नेमका कोठे बाधतो, याविषयी गेल्या काही दशकांत जे उमगले आहे ते चिकित्सकाने जाणून घ्यावे असे आहे.

मिठाने सर्वांचाच रक्तदाब सारखा वाढत नाही. वाइनबर्गर व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उच्च रक्तदाबाचे ५१ टक्के, तर प्राकृत रक्तदाबाचे २६ टक्के लोक लवणसंवेदी आढळले. त्यापूर्वीच अमेरिकेतील लुईस डाल यांनी उंदरांचे लवणसंवेदी व लवणसह असे दोन वंश वेगळे केले होते. संवेदी उंदराचे वृक्क सह उंदरात रोपिले असता त्याचाही रक्तदाब वाढतो, हे त्यांनी दाखविले. त्यामुळे दीर्घकाळ सर्व दोष वृक्कांकडेच गेला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

रक्तातील सोडियम वाढले की मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील व त्यालगतच्या संवेदी पेशींना ते कळते. तृषा लागते आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीच्या पश्च भागातून रक्तात येते. ते वृक्कांत जल रोखून धरते व रक्तवाहिन्यांचा संकोच करते. एरवी रक्तदाब वाढताच महाधमनी व मन्याधमनीतील दाबसंवेदी चेतातंतू मस्तिष्कास वार्ता देतात आणि व्हॅसोप्रेसिन स्रवणाऱ्या पेशी शांत होतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखविले की दीर्घकाळ अतिलवण दिलेल्या उंदरांत हा लगामच निकामी होतो. ज्या गाबा नामक द्रव्याने त्या पेशी शांत व्हाव्यात, त्यानेच त्या उद्दीपित होऊ लागतात. रक्तदाब वाढलेला असूनही व्हॅसोप्रेसिन स्रवत राहते. दुसरा मार्ग अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन यांचा. मस्तिष्कातील त्यांच्या क्रियेने अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते आणि हृदय, वाहिन्या व वृक्क या तिघांवर तिचा ताण पडतो. हे बव्हंशी प्राण्यांवरील ज्ञान आहे, हे विसरू नये. मूर्धस्थ प्राणवायू म्हणजेच व्हॅसोप्रेसिन, अशी समीकरणे मांडण्याची घाईही नको.

सर्पगंधेचे स्मरण येथे अटळ आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्या रक्तदाबशामक गुणाविषयीचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिच्यातील रेसरपीन अनुकंपी चेतातंतूंतील नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा रिता करते. चेतासंस्थेद्वारे रक्तदाब उतरविता येतो, याचा तो ठळक पुरावा होय.

आता आमच्याच एका चुकीविषयी. रक्तदाब १६०/१०० असलेल्या एका किराणा व्यापाऱ्यास आम्ही मीठ सोडून सैंधव वापरण्यास सांगितले होते, आणि अग्निमांद्यासाठी भोजनोत्तर लवणभास्कर चूर्ण तीन ग्रॅम दोन वेळा दिले होते. तीन महिने रक्तदाब हलला नाही. पथ्य मोडत असेल म्हणून आम्ही त्यांनाच बोल लावला. पुढे हिशेब मांडला तेव्हा दोष कोणाचा ते कळले. शार्ङ्गधरोक्त पाठात सामुद्र आठ, सौवर्चल पाच, बिड दोन व सैंधव दोन कर्ष मिळून सतरा कर्ष लवणे, आणि एकूण द्रव्ये एकेचाळीस कर्ष. म्हणजे सहा ग्रॅम चूर्णात सुमारे अडीच ग्रॅम लवण! जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसाकाठी सांगितलेल्या पाच ग्रॅमच्या मर्यादेपैकी निम्मे आमच्या पुडीतूनच जात होते. सैंधव चक्षुष्य व त्रिदोषघ्न आहे, लवणांत श्रेष्ठ आहे, हे मान्यच. पण त्याचाही बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो, आणि रुग्णाने ते भाजी, कोशिंबीर व उपवासाच्या खिचडीत निःशंकपणे वाढविले होते. चूर्ण थांबवून शुंठी व जिरे यांवर काम भागविले, सैंधव मोजून दिले, पापड-लोणचे बंद केले. सात आठवड्यांनी रक्तदाब १४२/९० आला. त्यांची पूर्वीची अॅलोपॅथिक गोळी आम्ही चालूच ठेवली होती.

हिंग्वष्टकात सैंधव अष्टमांशच असल्याने अशा रुग्णांत ते त्यातल्या त्यात बरे. यष्टीमधूबाबत मात्र अधिक दक्षता हवी. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे कॉर्टिसोल हे अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते, सोडियम साचते, पोटॅशियम घटते. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने यष्टीमधू घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की लवणभास्कराची बाटली चिठ्ठीविना मागणाऱ्यास रक्तदाबाची गोळी चालू आहे काय, एवढे अवश्य विचारावे.