आधी सांधा, मग वरचा सी

विद्यापीठात दाखल झालेला अठरा-एकोणीस वर्षांचा टेनर पहिल्याच तासाला विचारतो, ‘वरचा सी कधी?’ १८३७ साली पॅरिसमध्ये जिल्बेर दुप्रेने रोसिनीच्या ‘गियोम तेल’मध्ये तो सूर छातीच्या आवाजात लावला आणि तेव्हापासून प्रत्येक टेनरला त्याची ओढ लागली. मुलाला नाउमेद करू नका, पण पहिली दोन वर्षं लक्ष त्याच्या बऱ्याच खालच्या सुरांवर ठेवा.

सुरुवात शब्दांपासून. चाल बाजूला ठेवून मजकूर मोठ्याने वाचून घ्या. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी वळणाच्या जिभेला ते शिकवावे लागतात, मराठी जिभेला आयतेच मिळतात. द्वित्ताचंही तसंच. ‘पटी’ आणि ‘पट्टी’ वेगळं म्हणणाऱ्याला काल्दाराच्या ‘सेब्बेन, क्रुदेले’मधला ब क्षणभर धरून सोडणं जड जात नाही.

मग श्वास, ज्याला इटलीत ‘आप्पोज्जो’ म्हणतात. श्वास घेताना बरगड्या फुलल्या की ‘स्स्स’ करत हवा सोडायची आणि बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. रोज पाच मिनिटं पुरे.

खरी मेहनत पुढे आहे. मधल्या सीच्या वर साधारण ई ते जीदरम्यान टेनरच्या आवाजात सांधा येतो, ‘पास्साज्जो’. खालचा उघडा ‘आ’ तसाच रेटत वर नेला की त्याची आरोळी होते. म्हणून मधल्या सीखालच्या एपासून पाच सुरांची चढ-उतार ‘उ’वर घ्या आणि दर वेळी अर्धा सूर वर सरका. चौथ्या खेपेला माथ्याचा सूर जीवर पोचतो. ‘उ’ सुखाने झाला की तेच ‘आ’वर घ्या, एफच्या सुमाराला तो ‘डॉक्टर’मधल्या ऑकडे किंचित झुकू द्या. हनुवटी वर गेली किंवा मानेच्या शिरा ताठल्या, तर तिथेच थांबा. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको.

इथे मुलगा हमखास तक्रार करतो, ‘आवाज लहान झाला.’ त्याला स्वतःच्या डोक्यात तो झाकलेला ऐकू येतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून रेकॉर्ड करा आणि त्याला ऐकवा. कसलेल्या टेनरच्या आवाजाला सुमारे ३००० हर्ट्झपाशी धार असते आणि तिथे ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो, म्हणून तो माइकशिवाय पोचतो. नुसत्या जोराने ते साधत नाही.

पहिल्या वर्षी वाक्काईच्या पद्धतीतले धडे द्या. त्यांना मेतास्तासिओचे शब्द आहेत, त्यामुळे सराव करतानाही भाषा तोंडात राहते. जोडीला पारिसोत्तीने संपादित केलेली जुनी गीतं. पुच्चिनी अजिबात नको, कितीही हट्ट केला तरी. ‘उना फुर्तिवा लाग्रिमा’ संथ आहे म्हणून सोपं वाटतं, पण ते याच सांध्यापाशी घुटमळतं. एका तासात ते दोनदा गाऊनही मुलाचा बोलण्याचा आवाज स्वच्छ राहिला, की मगच परीक्षेच्या यादीत घाला.