तावदानाच्या आतून, तावदानाच्या बाहेरून

जुन्या वाड्यातील रंगीत काचांची खिडकी दिवसा आतून पाहिली, तर ती लाल, निळ्या, हिरव्या रंगांनी उजळलेली दिसते. तीच खिडकी त्याच वेळी अंगणात उभे राहून पाहिली, तर काळपट आणि निर्जीव वाटते. कारण उघड आहे. रंगीत काचेचा रंग तिच्यातून आरपार आलेल्या प्रकाशातच कळतो, आणि दिवसा हा प्रकाश बाहेरून आत जातो. म्हणजे एकाच तावदानाची शोभा कोणाच्या वाट्याला यावी, हे पाहणारा आत आहे की बाहेर, यावर ठरते.

कोकणातील जुन्या घरांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. कोरीव खांब, झोपाळे, हंड्याझुंबरे आणि रंगीत तावदाने यांची छायाचित्रे आवडीने पाहिली जातात. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत आम्ही हाच विषय घेतला आहे. मात्र खिडकी दोन्ही बाजूंनी पाहावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी ती अंगणातूनच पाहिलेली आहे.

काच, शिसे आणि वेल

प्रथम ही कारागिरी समजून घेऊ. वितळलेल्या काचेत धातूंचे क्षार मिसळले की काचेला रंग चढतो. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगनीजने जांभळा, तर सोन्याच्या अत्यल्प अंशाने माणकासारखा लाल रंग येतो. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून युरोपातील कारागीर काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप देऊन ती भट्टीत भाजू लागले आणि पिवळ्या रंगाच्या अनेक छटा त्यांना साधल्या.

अशा काचांचे तुकडे आधी काढलेल्या नकाशाप्रमाणे कापतात आणि शिशाच्या लवचीक पट्ट्यांच्या खाचांत बसवितात. या पट्टीचा छेद आडव्या पाडलेल्या इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंस एकेक तुकडा धरला जातो. पट्ट्या जेथे मिळतात तेथे कथील आणि शिसे यांचा डाक देतात. शेवटी खडूची भुकटी व जवसाचे तेल यांचा लांबी फटींत भरून तावदान घट्ट करतात. शिसे मऊ असल्याने मोठ्या तावदानाला मागून लोखंडी गजांचा आधार द्यावा लागतो.

शिशाची ही काळी रेघ टाळता येत नाही, म्हणून चतुर कारागिराने तिलाच चित्रात सामावून घेतले. ती वेलीचा देठ झाली, पानाची शीर झाली, फांदी झाली. पाने, फुले, पक्षी यांची नक्षी या कलेला इतकी मानवली, त्याचे एक मोठे कारण हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील श्रीमंत घरांत अशा खिडक्यांची लाट आली. मुंबईत सार्वजनिक इमारतींत ही कला त्याआधीच पोहोचली होती. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा, तसेच फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले १८८८ मधील रेल्वे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, येथे अशी रंगीत तावदाने आजही पाहावयास मिळतात.

त्या लाटेतील सर्वांत गाजलेले नाव न्यूयॉर्कच्या लुई कंफर्ट टिफनी यांचे. त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या चतुरांच्या, फुलांच्या व वेलींच्या नक्षीच्या दिव्यांचे आणि खिडक्यांचे श्रेय जवळजवळ शंभर वर्षे एकट्या टिफनी यांनाच मिळत राहिले. क्लारा ड्रिस्कॉल या बाईंनी आपल्या आईला व बहिणींना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा अनेक प्रसिद्ध नमुने त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या स्त्री-कारागिरांनी घडविले होते, हे स्पष्ट झाले. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. काच निवडणारे व कापणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी वाटणार नाही.

काचेपूर्वीचे शिंपले

आपल्या किनाऱ्यावर काच ही दीर्घकाळ गलबतातून येणारी महाग वस्तू होती. शेजारच्या गोव्यातील जुन्या घरांत तिच्या जागी एका विशिष्ट कालवाचे चपटे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले वापरीत. शास्त्रज्ञ या प्राण्याला प्लाकुना प्लासेंटा म्हणतात. शिंपले घासून चौकोनी कापीत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवीत. त्यातून दुधासारखा मऊ उजेड येई आणि उन्हाची तिरीप मात्र बाहेरच राही. पुढे काच स्वस्त झाली आणि हे काम मागे पडले.

कोकणातील सधन घरांत त्यानंतर जी रंगीत काच आली, ती बहुधा शिशाच्या पट्ट्यांत न येता लाकडी चौकटीत आली. खिडकीच्या माथ्यावरील अर्धवर्तुळात पंख्यासारख्या लाकडी आरा आणि त्यांत लाल-निळे-हिरवे तुकडे, ही तिची ओळखीची रचना. नक्षी काचेऐवजी लाकडात कोरली जाई. शिशाचे काम परक्या कारागिराचे होते; लाकूडकाम आपल्या सुताराच्या हातचे होते.

थिबा राजवाडा

या प्रकारच्या खिडक्यांचे आपल्या जवळचे मोठे उदाहरण म्हणजे रत्नागिरीचा थिबा राजवाडा. १९८१ पर्यंत आपला सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा हा वाडा आपल्याही जिल्ह्याच्या इतिहासात मोडतो. बौद्ध म्हणून तर त्याच्याशी आपले नाते आणखी जवळचे आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याचे वडील मिंडॉन यांनी मंडाले येथे संपूर्ण पाली तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले आणि १८७१ मध्ये पाचवी धम्मसंगीती भरविली. थिबाच्या कारकिर्दीच्या आरंभी राजघराण्यातील अनेकांच्या हत्या झाल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. राजा बौद्ध होता म्हणून त्याचा काळ निर्दोष ठरत नाही. पण त्याचे राज्य गेले ते या कारणाने नव्हे. ब्रह्मदेशातील सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीवर, जास्त ओंडके नेऊन कमी दाखविल्याचा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. राजा, राणी सुपयालत आणि मुली यांना आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले.

मुंबईपासून कोकणापर्यंतच्या श्रीमंत घरांतील दारे-खिडक्यांत ‘बर्मा साग’ अभिमानाने मिरवला जातो. त्या सागाच्या व्यापारापायी एका बौद्ध राजाचे राज्य बुडाले आणि तो आपल्याच किनाऱ्यावर कैदी म्हणून राहिला, हे ती चौकट पाहताना आठवावे.

जवळजवळ पंचवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये थिबाला हा वाडा मिळाला. तीन मजले, जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्यांत बसविलेल्या रंगीत काचा. वाड्यात त्याने बुद्धमूर्तीही स्थापिली. खिडकीतून दूरवर खाडी व समुद्र दिसतो. त्याच समुद्रावरून त्याला परत जायचे होते, पण जाता आले नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला आणि तेथेच त्याची समाधी आहे. त्याची एक नात पुढे याच गावात गरिबीत जगली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी त्या समाधीला भेट दिली. आज वाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे.

या वाड्यात रंगीत उजेड आतल्या माणसाच्या वाट्याला आला, पण आतला माणूस मोकळा नव्हता. खिडकी सुंदर असणे आणि खिडकीतला माणूस स्वतंत्र असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंगणातून दिसणारी खिडकी

आता अंगणाकडे वळू. कोकणात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत होता. कुळाने पिकवायचे, खोताने आपला हिस्सा घ्यायचा आणि वर वेठही करून घ्यायची. गावाबाहेरच्या वाडीतला माणूस लाकूडफाटा घेऊन, सांगावा घेऊन खोताच्या घरी येई तो खळ्यापर्यंत. ओटी चढण्याची त्याला मुभा नव्हती. माथ्यावरची रंगीत काच त्याला दिवसा काळीच दिसली असणार.

त्याचे स्वतःचे घर कसे होते? अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गावाच्या दृष्टीने अपराध मानला जाई, अशी नोंद बाबासाहेबांनी आपल्या लेखनात केली आहे. जेथे कौल अपराध होते, तेथे तावदानाची गोष्ट दूरच. मातीची भिंत, गवताचे छप्पर आणि धूर जाण्यापुरते भोक, एवढीच त्या घराची वास्तुकला. जतन करण्याजोग्या घरांच्या यादीत ती घरे कधी येत नाहीत, कारण ती उरलेलीच नाहीत.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. त्यांत कुळवाडी होते, तसे आपलेही लोक होते. कायदा झाला तो १९४९ मध्ये. खोतांच्या वाड्यांची उतरती कळा तेव्हापासून लागली, असे काही जण हळहळून सांगतात. वाड्याचे लाकूड कुजले याची हळहळ आम्हांलाही वाटते. ज्या व्यवस्थेवर तो वाडा उभा होता, ती गेली याची मात्र वाटत नाही.

विहारातील वातपान

खिडकीविषयी आपल्या परंपरेत काही आहे का, असे विद्यार्थी विचारतील. आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी हकिकत आहे की, भिक्खूंच्या निवासांना खिडक्या नव्हत्या. त्यामुळे डोळ्यांना त्रास होई आणि आत कुबट वास येई. तेव्हा तथागतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली: वेदिकावातपान म्हणजे कठड्याची, जालवातपान म्हणजे जाळीची आणि सलाकावातपान म्हणजे उभ्या पट्ट्यांची. येथे खिडकी वैभवासाठी नाही. ती डोळ्यांसाठी आणि श्वासासाठी आहे, आणि निवासात राहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दर्शनी भिंतीवरचे मोठे नालाकृती गवाक्ष बाहेरचा उजेड आतल्या स्तूपापर्यंत पोहोचविते. तेथील शिलालेखांत व्यापारी आहेत, यवन आहेत, भिक्खुणी आहेत. आणि दर्शनी कामाच्या संदर्भात सामी नावाच्या एका सुताराचेही नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या वास्तूने सुताराचे नाव दगडात राखले. टिफनीच्या कारखान्यातील बाईला ते मिळायला शंभर वर्षे लागली. आपल्या गावच्या वाड्यातील अर्धवर्तुळ कोणी कोरले, हे तर बहुधा कोणीच सांगू शकत नाही.

अभ्यासासाठी

मग आपल्या मुलांनी अशी घरे पाहावीत का? आमचे उत्तर आहे, अवश्य पाहावीत. आज दार उघडे आहे ते संविधानामुळे. त्या दारातून ताठ मानेने आत जावे, कारागिरीला मनापासून दाद द्यावी आणि मग बाहेर येऊन तीच खिडकी अंगणातूनही पाहावी. पुढील गोष्टी वहीत नोंदवाव्यात: काच शिशाच्या पट्टीत आहे की लाकडात, नक्षीत कोणती पाने, फुले, पक्षी आहेत, लाकूड कोठले, कोणाच्या हातचे काम, आणि या खळ्यात कोण कोठवर येऊ शकत होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते घरच्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आज्यांना, विचारून लिहून घ्यावे. त्या आहेत तोवरच ते मिळेल.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जुनी तावदाने असतील, त्यांनी शिशाच्या पट्ट्या खरवडू नयेत; शिशाची धूळ विषारी असते, लहान मुलांना तर फारच. मऊ, किंचित ओल्या फडक्याने काच पुसावी. तावदानाला फुगवटा आला असेल, तर तो दाबून सरळ करू नये, काच तडकते. खाऱ्या हवेत लोखंडी गज गंजून फुगतात, त्यांवर लक्ष ठेवावे. घर पाडायचेच झाले, तर खिडकी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढावे, मापे घ्यावीत आणि घराची हकिकत लिहून ठेवावी.

एक प्रयोग मात्र प्रत्येकाने करून पाहावा. रात्र झाल्यावर आत दिवा लावावा आणि अंगणात जाऊन उभे राहावे. दिवसा काळी दिसणारी तीच काच आता बाहेरच्या माणसाला लाल, निळी, हिरवी दिसू लागते. आत दिवा लागला की बाहेरच्यालाही रंग दिसतो. वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि आज ठिकठिकाणी आत पोहोचलेल्या आपल्या मुलामुलींकडून आमची अपेक्षा याहून वेगळी नाही.