इंजिन हाताने फिरवताना

आपल्यापैकी एका कुटुंबाने दिलेली जुनी ऑटोमॅटिक मोटार आता वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवायला वापरतो. या सत्रात तिचे इंजिन उतरवले. त्यातला एकच भाग सांगतो, कारण घाई करणारा मेकॅनिक नेमका तिथे गिअरबॉक्स बिघडवतो.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचप्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो: तेलाने भरलेला, भोपळ्याएवढा गोल डबा. तो इंजिनामागच्या पातळ प्लेटला बोल्टने जोडलेला असतो. बोल्ट न काढता इंजिन ओढले तर डबाही सोबत येतो, तेल सांडते, गिअरबॉक्सचे सील आणि ऑइल पंप दुखावतात. या गाडीत बोल्ट चार, पण खालच्या झाकणीतून एका वेळी एकच दिसतो. पुढचा समोर आणायला इंजिन पाव फेरा फिरवावे लागते.

ते किल्लीने नाही. खाली एकाची बोटे आत असतात. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढायची. मग पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट आणि लांब दांडा लावायचा. फिरवायचे इंजिन नेहमी फिरते त्याच बाजूला, बहुतेक गाड्यांत समोरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटे फिरवले तर तोच बोल्ट सैल होऊ शकतो.

दांडा थोडा फिरून अडला. मुले म्हणाली, इंजिन जाम झालंय.

"पाड्यावर डिझेल पंपाला हँडल कसं मारता?" मी विचारले.

"सर, आधी खटका उचलतो. वेग आला की सोडतो."

तो खटका व्हॉल्व उघडा धरतो, त्यामुळे सिलिंडरमधली हवा दाबली न जाता निघून जाते. पेट्रोलच्या मोटारीला खटका नसतो. चारही स्पार्क प्लग काढले की तेच काम होते. प्लग निघाले आणि सर्वांत लहान मुलाने एका हाताने दांडा फिरवला. वर्गातल्या फळ्यावरचे कॉम्प्रेशन हेच, हे मग कुणाला सांगावे लागले नाही.

आमचा नियम असा की हुकूम खालच्याचा. तो "फिरव" म्हणेपर्यंत वरच्याने दांड्याला हात लावायचा नाही. चौथा बोल्ट निघाल्यावर कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडे सरकवला, घसरू नये म्हणून पट्टीने बांधला, आणि मगच साखळी ओढली.