बेंचवर आलीस म्हणून

अगं, मेसेज वाचला तुझा. त्या क्लायंटची सिस्टीम तू सांभाळलीस, रात्री-अपरात्री कॉल घेतलेस आणि प्रोजेक्ट संपताच तुला बेंचवर टाकलं, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. ‘ताई, मग मी त्यांची कोण होते?’ असं विचारलंस. कामात काही कमी पडलं असेल, ही शंका आधी मनातून काढून टाक.

मी अकाउंट्समधली, मला हे हिशेबातून दिसतं. ऑफिसची इमारत, सर्व्हर, अगदी खुर्च्यासुद्धा ताळेबंदात मालमत्ता म्हणून येतात. माणसाचा पगार मात्र खर्चात जातो, कारण माणूस कंपनीच्या मालकीचा नसतो, उद्या सोडून जाऊ शकतो. हा नियम काही दुष्टपणाने केलेला नाही. पण नफा घटला की कात्री खर्चावरच चालते, आणि आपण त्याच रकान्यात असतो गं.

इन्फोसिस एके काळी वार्षिक अहवालात आपल्या माणसांचं मूल्य छापत असे. पद्धत लेव्ह आणि श्वार्ट्झ यांची, १९७१ ची: निवृत्तीपर्यंत मिळणारा पगार आजच्या किमतीत मांडायचा. मला त्या प्रयत्नाचं कौतुक वाटतं. तरी बघ, त्या हिशेबातही निवृत्ती जवळ येईल तशी माणसाची किंमत उतरतच जाते. ज्याला सगळं तोंडपाठ, त्याची पुढची वर्षं कमी!

आणि तुमच्या आयटीच्या धंद्याचं गणित तर आणखी कडक. क्लायंट पैसे देतो ते तासांचे. दरवर्षी तुझा पगार वाढतो, पण क्लायंट दर तेवढा वाढवत नाही. म्हणून खाली फ्रेशर्स भरपूर आणि वर माणसं मोजकी, असा मनोरा ठेवावा लागतो. बारा-पंधरा वर्षांची माणसं मधे अडकतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. त्याआधीच तिथे नियम आला होता: वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग हवं, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. अशा नियमापुढे गेल्या वर्षी तू कोणाची रिलीज वाचवलीस, हे कोण बघणार?

तुझ्या मॅनेजरवर राग धरू नकोस. त्याला तुझी कदर असेल, खरंच असेल. पण वरून आकडा आला की त्यालाही नावं द्यावीच लागतात. कदर माणसं करतात आणि निर्णय आकड्यांवर होतात. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून काम मनापासूनच कर, पण त्यातलं काय तुझ्याबरोबर बाहेर येईल हे बघत जा. त्या एका क्लायंटच्या जुन्या सिस्टीमची खडान्‌खडा माहिती काँट्रॅक्टबरोबर संपली. बंद पडलेला डेटाबेस रात्रीत उभा करायची तुझी रीत मात्र कुठल्याही कंपनीत चालेल. सीव्हीत ती लिही. बेंचवरचे दिवस रडण्यात घालवू नकोस, आत आणि बाहेर दोन्हीकडे इंटरव्ह्यू दे.

एचआरने बोलावलं तर घाबरू नकोस. ‘स्वखुशीने राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर नीट देऊ’ असं गोड बोलतील. त्या खोलीत सही करायची नाही. ‘मेलवर पाठवा, वाचून कळवते’ एवढंच म्हण. राजीनामा एकदा लिहून दिलास की कपातीची भरपाई मागणं फार अवघड होतं. पुण्यात आयटीतल्या लोकांनी अशा तक्रारी कामगार आयुक्तांकडे नेल्यात, तू काही पहिली नसशील.

आणि रागाच्या भरात स्वतःहूनही सोडू नकोस. तुझ्यासारख्या कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, नंतर राजीनामा दिलास तरी. प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, आणि महिना धरतात २६ दिवसांचा. तुझी साडेचार झाली ना? ऑफर लेटर नको, जॉइनिंगची तारीख असलेला कागद काढ आणि फोटो आजच मला पाठव. हिशेब मी करून देते.